रामटेके सरांकडे उरलेला शब्द

शब्द म्हणून मी बराच जुना आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, रंग नाही, वास नाही. मी फक्त तोंडात राहतो. एका तोंडातून कानात जायचं, त्या कानातून पुढच्या तोंडात, असा माझा सगळा जन्म गेला. तुमच्या घरात माझं नाव काढलं की मोठी माणसं डोळे वटारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी ‘अल्कोहोल’ हा शब्द आहे. पण लगेच कान झाकू नका. माझी गोष्ट तुम्हाला वाटते तशी नाही.

माझा जन्म अरबी भाषेत झाला. तिथे माझं नाव ‘कुह्ल’ होतं. अंजनाचा काळा, चकाकणारा दगड कुटायचा, वस्त्रगाळ करायचा आणि जी मऊ पूड मिळेल ती डोळ्यांत घालायची. ती पूड म्हणजे मी. पुढे अरबी बोलणारे लोक स्पेनमध्ये जाऊन राहिले, त्यांच्यासोबत मीही गेलो. अरबीत नामाच्या आधी ‘अल्’ लावायची रीत आहे. तिथल्या लोकांना वाटलं, ‘अल्’ हा माझाच भाग. त्यांनी तो मला चिकटवला, तो आजतागायत निघालेला नाही.

मग मी युरोपातल्या औषधं करणाऱ्यांच्या हाती लागलो. ते कुठल्याही वस्तूच्या बारीक पुडीला माझं नाव देऊ लागले. मग जर्मन बोलणाऱ्या एका वैद्याने द्राक्षाच्या दारूतून काढलेल्या सत्त्वालाही मलाच जोडलं. पूड गेली आणि मी पाण्यासारखा पातळ झालो. फ्रेंचांनी माझा ‘ह’ काढून घेतला. स्पेनमध्ये तो लिहितात, पण उच्चारत नाहीत. इटलीत मी आखडून ‘अल्कोल’ एवढाच राहिलो. जर्मनांनी मात्र मला धडधाकट ठेवलं. एकाच शब्दाला इतके अर्थ आणि इतकी तोंडं, पण मी कधी तक्रार केली नाही. शब्दाचं कामच ते. देतील तो अर्थ उचलायचा आणि पोचवायचा.

आपल्याकडे मी इंग्रजांच्या बोटीतून आलो, दवाखान्यातल्या बाटल्यांवर बसून. इथे ‘मद्यार्क’ नावाचा एक भाऊ मला मिळाला. तो बिचारा छापील कागदावरच राहिला. लोकांच्या तोंडात मीच बसलो, आणि खरं सांगायचं तर त्यातली बरीच तोंडं मला आवडली नाहीत. त्यांना वास यायचा. त्यांच्यातून बाहेर पडताना मी अडखळायचो.

एक तोंड मात्र अगदी स्वच्छ होतं. ते बद्रीनाथ रामटेके सरांचं. त्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे.

रामटेके सर पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. छप्पन साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा झाली, तेव्हा ते लहान होते आणि वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे गेले होते. वडिलांनी त्या दिवसापासून दारू सोडली. सर सांगायचे, त्यानंतर आमच्या घरात संध्याकाळी भांडी आपटल्याचा आवाज कधी आला नाही. सरांनी स्वतः तर ती कधी चाखलीही नाही. पण त्यांनी माझा राग कधी केला नाही. दर वर्षी नव्या वर्गात पहिल्या तासाला ते मला फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, हा शब्द कुठे जन्मला सांगा. कुणी इंग्लंड म्हणायचं, कुणी जर्मनी, मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच एखाद्या गुत्त्याचं नाव घ्यायचं. सर हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. माझ्यापुढे खडूने फक्त ‘डोळ्यात’ असं लिहायचे आणि शिकवायला लागायचे.

विश्रांतवाडीला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. पत्नी प्रेमलाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. गॅलरीच्या दाराशी एक वेताची खुर्ची असायची. दुपारी शाळेतून आल्या की प्रेमलाबाई त्या खुर्चीत बसून वह्या तपासायच्या आणि सर समोरच्या दिवाणावर बसून त्यांच्याशी बोलायचे. प्रेमलाबाईंना काजळाची हौस होती, डोळ्यांची कड कधी कोरी नसायची. एकोणीसशे नव्व्याण्णव साली त्या आजारी पडल्या आणि गेल्या. खुर्ची तिथेच राहिली. त्यात कुणी बसत नसे.

त्यांची एकुलती मुलगी नम्रता. सरांच्या आग्रहामुळे ती इंजिनिअरिंग करता करता जर्मन शिकली होती. पुढे तेच तिच्या कामी आलं. तेव्हा खराडीत शेतांना लागून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. जर्मन कारखान्यांसाठी तयार होणारे प्रोग्रॅम नीट चालतात का, पडद्यावरचे शब्द बरोबर आहेत का, हे तपासायचं तिचं काम. सर मोठ्या अभिमानाने सांगायचे, आमच्या घरात मी पदार्थ तपासतो आणि ही शब्द तपासते.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना, एका रविवारी सकाळी सर मंडईत गेले. मंडईतून भाजी आणण्याचा त्यांचा नेम होता, भले त्यासाठी पीएमटीच्या दोन बस बदलाव्या लागोत. मेथीच्या जुड्या लावलेल्या एका बाईसमोर ते वाकले आणि त्यांनी भाव विचारला. म्हणजे त्यांना विचारायचा होता. तोंडातून मी बाहेर पडलो.

बाई म्हणाली, “काय म्हणालात?”

सरांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मीच.

मित्रांनो, तेव्हा आत काय झालं ते मी पाहिलं आहे. माणसाच्या डोक्यात आम्ही शब्द हजारोंनी राहतो, दाटीवाटीने, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. त्या सकाळी आधी ‘मेथी’ गेली. मग ‘भाव’, ‘जुडी’, ‘पिशवी’. मग एकेक करून नव्हे, तर चाळीच्या चाळी रिकाम्या होऊ लागल्या. पळापळ नाही, ओरडा नाही. सगळे शब्द खाली मान घालून, पायांचा आवाज न करता निघून गेले. ‘नम्रता’ हा शब्द दाराशी जरासा रेंगाळला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोही गेला. मी हाका मारल्या. माझ्याच हाकेचा आवाज परत आला. त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत मी एकटा उभा होतो. मला का ठेवलं, ते आजही मला माहीत नाही.

सर जुड्यांवर कलले. त्यांचा उजवा हात पडला तो परत कधी नीट उठला नाही.

हॉस्पिटलमध्ये त्यांना शुद्ध आली तेव्हा त्यांनी नर्सकडे पाणी मागितलं. नर्सला मी ऐकू आलो. तिने डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी नम्रताला बाजूला घेऊन विचारलं, “रोज किती घेतात?”

“दोन कप,” नम्रता म्हणाली. “चहा. साखर कमी.”

नंतर एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नम्रताला समोर बसवून नीट समजावलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, बोलण्याची जागा दुखावली. ऐकलेलं सगळं त्यांना कळतं, पण बोलायला गेलं की प्रत्येक वेळी एकच शब्द येतो. काही रुग्णांत असं होतं. शब्द कुठला राहील ते सांगता येत नाही. त्याला काही अर्थ असतोच असं नाही.

हे शेवटचं वाक्य मला लागलं. मला अर्थ होता. सर मला पाणी म्हणून पाठवत, तेव्हा मी पाणीच होतो. पाठ दुखायची तेव्हा मी दुखणं होतो. नम्रता कामावर निघाली की मी ‘सांभाळून जा’ होतो. मी वाकत होतो, ताणला जात होतो, जमेल तेवढं उचलत होतो. पण कानापाशी पोचेपर्यंत ओझं गळून पडायचं आणि मी नुसता अल्कोहोल उरायचो.

घरी आल्यावर नम्रताला ते फार जड गेलं. दारू न शिवलेल्या माणसाच्या तोंडून दिवसभर हेच. जिन्यात खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ तिला म्हणाले, “अहो, जन्मभर घेतली नाही म्हणता, मग आताच एवढी आठवण?” तिने पाठ फिरवली. वर आली, दार लावलं आणि सरांच्या पलंगाशी बसून म्हणाली, “बाबा, एकदा माझं नाव घ्या. फक्त एकदा.” सरांनी डोळे मिटून, कपाळावरच्या शिरा ताणून जोर लावला. आत कुणीच नव्हतं. मला जावं लागलं. नम्रता उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

दिवसा सरांजवळ कुणीतरी हवं, म्हणून लोहगावच्या बाजूच्या एका वस्तीतून सरूबाई यायला लागल्या. धीराची बाई. सरांना पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, सगळं न कंटाळता करायच्या. सरांचं बोलणं ऐकून त्या हसल्या नाहीत आणि घाबरल्याही नाहीत. पण काही आठवड्यांनी त्यांनी नम्रताला सांगितलं की दुपारी मी इथं थांबणार नाही. नम्रताला वाटलं, काही कमी पडलं असेल. तिने पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा सरूबाईंनी पदर सावरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, सायेब दुपारचं एकलं बोलत न्हाईत. ते बोलत्यात, मग थांबत्यात. कुणीतरी हाय तिथं. त्या खुर्चीत.”

दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

आता मला जे ठाऊक आहे ते सांगतो. शब्दाला एक गोष्ट बिनचूक कळते. आपल्याला कुणी ऐकलं की नाही. रिकाम्या खोलीत मला उच्चारलं तर मी भिंतीला लागतो आणि तिथेच विरून जातो. खोलीत कान असेल तर तो मला आत ओढून घेतो. शेकडो वर्षांत यात माझी चूक झालेली नाही. सर दुपारी खुर्चीकडे तोंड करून मला उच्चारायचे. गॅलरीतून ऊन आत आलेलं असायचं, खुर्चीच्या वेताची जाळी भिंतीवर पडलेली असायची. खुर्ची रिकामी होती. पण मी भिंतीपर्यंत पोचायचोच नाही. वाटेतच मला कुणीतरी घ्यायचं. ती जागा गार होती, आणि त्या कानाच्या जवळपास काजळ होतं. काजळ मला अंधारातही ओळखता येतं. शेवटी मी जन्मलो त्यातच.

आणि एक सांगतो. त्या कानापाशी माझं ओझं कधी गळून पडलं नाही. सर मला ‘उकडतंय’ म्हणून पाठवायचे आणि तिथे मी ‘उकडतंय’ म्हणूनच पोचायचो. ‘पोरगी दमते फार’ म्हणून पाठवायचे, तसाच पोचायचो.

सरूबाई गेल्यावर भंडाऱ्याहून सरांची विधवा बहीण आली, कौशल्याआत्या. नम्रताला तिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिने घर हातात घेतलं. पौर्णिमेला तिने बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, सरांना उशीला टेकवून बसवलं आणि वंदना सुरू केली. आणि सर तिच्याबरोबर म्हणू लागले. एक शब्द नाही, ओळीच्या ओळी. स्पष्ट, सुरात, अडखळण नाही. नम्रता हात जोडायचे विसरून त्यांच्याकडे बघत राहिली.

मी आत होतो, मित्रांनो. त्या ओसाड जागेत एकदम दिवे लागल्यासारखं झालं. लहानपणी पाठ झालेले पाली शब्द एकामागून एक रांगेने आत आले, माझ्याकडे न बघता बाहेर पडले. पंचशील सुरू झालं. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. म्हणजे माझ्यापासूनच. सरांनी तेही नम्रताच्या डोळ्यांत बघत पूर्ण म्हटलं. जणू ते सांगत होते, मी अजून तोच आहे. वंदना संपली. नम्रताने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, “बाबा, आता म्हणा. नम्रता म्हणा.”

पण रांग निघून गेली होती. पुन्हा मी एकटा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीने नम्रताला जर्मनीत पाठवायचं ठरवलं. दोन वर्षं. तिच्या हाताखाली माणसं असणार होती. तिने आधी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, आठवडाभर विचार कर. आत्या म्हणाली, मी आहे ना इथे. पण नम्रताला दोघांचंही म्हणणं नको होतं. तिला सरांचं हवं होतं. ज्यांनी तिला जर्मन शिकायला पाठवलं, ज्यांना विचारूनच तिने सगळं केलं, त्यांनी हो म्हणावं किंवा नाही म्हणावं. त्यातलं एकही ते म्हणू शकत नव्हते.

एका दुपारी ती कामावरून लवकर घरी आली. चपला काढताना तिला आतून सरांचा आवाज ऐकू आला. ते मला उच्चारत होते. मग थांबले. त्या थांबण्यात ते कुणाचं तरी ऐकत होते. मग मान हलवून पुन्हा बोलले, या वेळी जरा कुरकुरल्यासारखे. नवरा-बायको बोलतात तसं, नम्रताला वाटलं.  आत्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मग आत कोण होतं?

ती खोलीत गेली. सर दिवाणावर बसलेले. समोर वेताची खुर्ची. नम्रता थेट गेली आणि त्या खुर्चीत बसली.

सरांनी मला असं फेकलं की मीच दचकलो. ‘ऊठ’ म्हणून. नम्रता चटकन उठली. खुर्ची गार होती, उन्हात असूनही गार. ती जमिनीवर सरांच्या पायाशी बसली. खुर्चीकडे बघायचं तिने टाळलं.

“आई आहे का?” तिने विचारलं.

सरांनी मला हळू उच्चारलं. मी तेव्हा ‘हो’ होतो. मी तसाच्या तसा जायचा प्रयत्न केला. नम्रताच्या चेहऱ्यावरून वाटलं, या वेळी थोडाफार पोचलो.

 मग एखादी अडलेली गाठ सुटावी तसं तिला सुचलं. ती म्हणाली, “बाबा, नीट ऐका. मी जर्मनीला जावं असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचा शब्द म्हणा. जाऊ नये असं वाटत असेल तर गप्प राहा. एवढंच. मी तेच करीन.”

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला पेलेल एवढंच ओझं दिलं होतं. मी नुसतं बाहेर पडायचं होतं, बस. मी जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिलो.

सरांनी मला सोडलं नाही.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी दातांच्या आत थांबलो होतो आणि मला त्यांचा श्वास लागत होता, तापलेला, थरथरता. त्यांना मुलगी जवळ हवी होती. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि हा एक शब्द खोटा पाठवणं त्यांना जमेना. डोळ्यांतून पाणी ओघळलं. नम्रताला ते कळलं. तिने मान खाली घातली आणि त्यांच्या लुळ्या हातावर आपला हात ठेवला.

आणि तेव्हा खोलीत मी उच्चारला गेलो.

मी सरांच्या ओठांआड होतो, आणि मी खुर्चीतही होतो. शब्द एकाच वेळी दोन तोंडांत असू शकतो, त्यात नवल नाही. पण असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. त्याला श्वास नव्हता. ओल नव्हती. जिभेची ऊब नव्हती. मी लाखो तोंडांतून गेलो आहे, त्या एका तोंडात मी कोरडा, बारीक, काळा झालो. आवाज बाईचा होता. ठाम होता, शाळेतल्या पोराला हातात वही देऊन घरी पाठवावं तसा. एकदाच. मग ऊन तसंच, खुर्ची तशीच.

नम्रता हलली नाही. तिची बोटं सरांच्या हातावर रुतली होती.

स्वयंपाकघरातून आत्या चहा घेऊन आली. ताटलीत एक कप जास्त होता. तिने इकडेतिकडे बघितलं. “आता बोलली ती बाई कोण आली होती? गेली का एवढ्यात?”

 आत्या तो जास्तीचा कप धरून तशीच उभी राहिली, मग तिने खुर्चीकडे बघितलं आणि कप जपून खुर्चीजवळ जमिनीवर ठेवला. 

“तुम्ही गप्प होतात, बाबा,” नम्रता म्हणाली.

सरांनी डोळे पुसायचा प्रयत्न केला. मग तिच्याकडे बघून मला उच्चारलं. मी तेव्हा ‘तिचं ऐक’ होतो.

नम्रता गेली. रविवारी ती जर्मनीहून फोन करायची आणि आत्या तो सरांच्या कानाशी धरायची. तिकडे ती माझा जर्मन अवतार जागोजागी बघत होती, दुकानांच्या पाट्यांवर, औषधांच्या खोक्यांवर. ती ते सरांना सांगायची. सुरुवातीला ती तिकडून बोलत राहायची आणि सर मध्येमध्ये मला पाठवायचे. हळूहळू तिने बोलणं कमी केलं आणि ऐकणं वाढवलं. माझ्या चढ-उतारावरून ती विचारू लागली, पाठ दुखते का? आत्याने मीठ जास्त घातलं का? आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. गुठळ्या, हॉस्पिटलं, साता समुद्रांचं अंतर, या सगळ्यातून मी तिच्यापर्यंत माझं ओझं घेऊन पोचू लागलो. शब्द म्हणून मला याहून मोठा मान कधी मिळाला नाही. फ्रान्समध्ये नाही, जर्मनीत नाही, कुठेच नाही.

हिवाळा संपता संपता एका दुपारी सर गेले. दिवाणावर, खुर्चीकडे तोंड करून. त्यांनी मला शेवटचं उच्चारलं आणि मी बाहेर पडलो. मागे वळून पाहिलं तर परत जायला तोंडच उरलं नव्हतं.

आत्याने फोन लावला.  नम्रता म्हणाली, मिळेल त्या पहिल्या विमानाने येते. आणि मग म्हणाली, “आत्या, एक करशील? फोन खुर्चीपाशी धर.”

आत्याने विचारलं नाही, का. ती उठली. दिवाणावर सर होते, पांढऱ्या चादरीखाली. ती त्यांना वळसा घालून गेली आणि तोंड भिंतीकडे करून, हात लांब करून तिने फोन खुर्चीजवळ धरला. दुपारचं ऊन होतं. गॅलरीखाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.

मी तिथे उच्चारला गेलो. आधी बाईच्या आवाजात, मग पुरुषाच्या. दोन तोंडं. दोन्हींत श्वास नव्हता. पुरुषाच्या आवाजात आता अडखळण नव्हती, कपाळाच्या शिरा ताणाव्या लागत नव्हत्या, आणि तरी त्यांनी मलाच निवडलं होतं. त्यांच्याकडे तेव्हा सगळे शब्द परत आले होते, हे मला दिसत होतं. ‘नम्रता’ हा शब्द तर अगदी पुढे उभा होता. पण सरांना माहीत होतं, की मुलगी ज्याला ओळखते तो मी.

तारेच्या पलीकडे एक कान होता. त्याने मला आत घेतलं. मी काय म्हणून गेलो ते मी तुम्हाला सांगणार नाही, ते तिचं आहे. ती एवढंच म्हणाली, “हो बाबा. हो आई.” आणि रडायला लागली.

मित्रांनो, माझं वय झालं आहे आणि मी अजून पुष्कळ तोंडांतून जाईन. मला कुठल्या बाटलीला चिकटवायचं ते मोठी माणसं ठरवतील. तुमच्याकडे माझी मागणी लहानशी आहे. तुमच्या घरात, शेजारी, एखाद्या पलंगावर कुणी तोच तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल तर त्याला हसू नका आणि वाक्य पुरं करायची घाईही करू नका. जवळ बसा. त्याच्या आत किती रिकामं झालं आहे आणि त्या एका शब्दावर किती ओझं आहे, ते तुम्हाला दिसत नाही. कान द्या. आणि तो तुमच्याकडे न बघता एखाद्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत असेल, तर त्या खुर्चीत बसू नका.